मेंदूच्या परीक्षेत पैकीच्या पैकी

सरकारी फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात. किश्श्यांना तो नियम लागू नाही. शिरूर-दौंड भागात मी जन्मभर क्लार्की केली. त्यातले मेंदू-तपासणी शिबिराचे किस्से तर मी न ठेवताच साठले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी महिन्यातून एकदा पुण्याहून मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्या एक मॅडम तालुक्याच्या शिबिराला यायच्या. डोक्याला मार बसलेले, विसराळू झालेले लोक जमायचे. चित्रं ओळखा, पाच शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं परत सांगा. गुणांवरून दाखला. तो टाइप करून शिक्का मारायचा मी.

पहिल्याच महिन्यात मांडवगण फराट्याचे एक आबा आले. उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मॅडमनी आजची तारीख विचारली.

"आवसंला तीन दिस हायेत," आबा म्हणाले.

शून्य गुण. मी कॅलेंडर पाहिलं. आबा बरोबर होते, पण फॉर्मवर अमावास्येला रकाना नव्हता.

चाचणी परदेशातून आलेली, सातवं चित्र पियानोचं. एक आजी त्याला दात असलेलं टेबल म्हणाल्या. वर्णन अचूक, गुण शून्य. मी मॅडमना विचारलं, ही चाचणी आपल्या लोकांवर कुणी तपासून पाहिलीय का? बाई प्रामाणिक होत्या.

"तपासलीय तिकडं. वापरतोय इकडं."

शब्द दर महिन्याला तेच. आत जाऊन आलेला माणूस बाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्यांना ते सांगायचा. परीक्षा म्हटल्यावर कुणाला नापास होऊ द्यायचं नाही, एवढी माणुसकी तालुक्यात होती. एका आप्पांनी तर मॅडमनी तोंड उघडायच्या आत पाचही शब्द म्हणून दाखवले. मॅडमनी गुण दिले. देऊ नयेत असं चाचणीच्या पुस्तिकेत कुठं लिहिलं नव्हतं.

आता नामदेवचं सांगतो. न्हावरे गावचा. रांजणगावला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. मोटारसायकलवरून डोक्यावर पडला. मॅनेजरनं सांगितलं, डोकं ठीक असल्याचा दाखला आण, तरच कामावर घेतो. मागणी रास्त होती. प्रेसखाली हात आहे हे क्षणभर विसरलं, तर हात राहत नाही. पण दुसरी मिळकतही नव्हती.

बायकोनं आदल्या शिबिरात बाकावरच्या लोकांकडून शब्द मिळवले आणि महिनाभर रोज सकाळी त्याच्याकडून घोकून घेतले. पाचही शब्दांना पैकीच्या पैकी! मॅडम सही करून जीपनं दौंडला निघून गेल्या.

मी दाखला टाइप करत होतो. बायको टेबलापाशी उभी. नामदेव पाणी प्यायला गेला, परत आला, शर्ट सारखा केला आणि माझ्यासमोर अदबीनं उभा राहिला.

"साहेब, परीक्षा कवा हाय?"

बायकोनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्यापुढं हात पसरून हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, शिक्का मारा. बारा वाजता यष्टी हाय."