चंपतरावचा बडग्या

जित्या माणसाचा पुतळा, अन् तोही त्याच्याच दारासमोरून! बापा रे, इतकी वर्षं झाली तरी मले विश्वास बसत नाही. एकाहत्तरचा तान्हा पोळा असंल. त्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, बाईचा मोठ्ठा पुतळा. गावातली रोगराई, वाईट-साईट सारं त्या मारबतीच्या माथी मारायचं, तिच्यासंगं भाताच्या तनसाचे, कागदाचे पुतळे, म्हंजे बडगे, काढायचे अन् गावाबाहेर नेऊन जाळायचे. त्या वर्षी आमच्या इतवारीतल्या गल्लीच्या बडग्याच्या हाती झारा होता, डोक्याले लाल पंचा, पोट फुगवलेलं. लेकरानंही ओळखला. चंपतराव आचारी!

चंपतराव आमचा शेजारी. लग्नाचा सैपाक करावा तं त्यानंच. त्याच्या कढीसाठी लोक पोट भरल्यावरही पुन्हा भात मागायचे. पण हुडकेश्वरच्या एका लग्नात घाईघाईत त्यानं कढी ठेवली कल्हई उडालेल्या पितळी गंजात. आंबट ताक अन् उघडं पितळ! सारी वरात ओकली. नवरदेव बोहल्यावरून उठून पळाला. कोणी दगावलं नाही, ही देवाची कृपा.

मंग काय! लग्नाची बोलावणी बंद. चंपतरावनं साऱ्या भांड्यायले नवी कल्हई केली अन् चौकात कढी-भाताची गाडी लावली. कोणी फिरकंल तं शपथ! आमचे शहाणे लोक रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. "त्याच्या हातचं? नको रे बाबा!" मले अजून संताप येते. अरे, चूक झाली ना माणसाच्या हातून, चोरी केली का त्यानं? सांजच्याले तो भरला गंज तसाच घरी आणायचा. त्याची बायको सुभद्रा अन् तो, दोघंच खायचे ती कढी.

हा बडग्या केला होता देवरावनं. गल्लीचा पुढारी. त्या लग्नात तोही ओकला होता. मी दारात उभी होती. सुभद्रा माझा हात धरून बडग्याकडं पाहून राहिली होती.

"इंदूबाई, हे आता घराबाहेर निघत नाहीत वं," ती म्हणे.

तेवढ्यात चंपतराव बाहेर आला. डोक्याले तोच लाल पंचा. डफडं थांबलं. तो सरळ बडग्याच्या मागं जाऊन उभा राहिला अन् जीव खाऊन ओरडला, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!"



"चंपतराव, गंमत होती गा," देवराव पुटपुटला.

"काहून थांबला? चाल ना!"

तो शेवटपर्यंत गेला. बडग्याले काडीही त्यानंच लावली म्हणे. परत येऊन आंघोळ केली, गाडी लावली अन् कढी उकळाले ठेवली. लोक भूत दिसल्यावाणी पाहून राहिले होते. त्यानं एक वाटी स्वतः प्यायली. दुसरी भरून देवरावपुढं धरली.

"माझी पीडा तुमच्याच बडग्यात जळली ना? मंग आता कायचं भेव?"

देवराव इकडं पाहे, तिकडं पाहे. त्याची म्हातारी माय रंभाबाई ओट्यावर बसली होती. ती कडाडली, "पी ना रे! का मारबत खोटीच नेली तुम्ही?"

 नाही म्हणावं तं मारबत खोटी ठरते. देवरावनं डोळे मिटले अन् वाटी रिकामी केली. दुसऱ्या कोणी मात्र हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी गल्ली देवरावच्या दाराकडं टक लावून बसली. हा कधी ओकते, याचीच वाट. चंपतराव गाडीजवळ उभा होता. दार उघडलं. देवराव धडधाकट बाहेर आला, हाती रिकामा डबा.

"घरच्यायसाठी दे गा," तो म्हणे.

चंपतरावनं डबा काठोकाठ भरून देल्ला. इतके दिवस न रडलेला माणूस, भर चौकात ढसाढसा रडला.

अन् मले खरा धक्का बसला तो त्याच्यानंतर. देवरावच्या मागं लाइन लागली होती! हात तेच, माणूस तोच, कढी तीच. अन् भांडे घेऊन पुढं कोण उभे? त्या बडग्याले ज्यायनं तनस बांधलं होतं, तेच सारे.