नर्सबाईंच्या भिंतीतली वायर

शहापूरच्या गोदावरीबाईंना सारं गाव नर्सबाई म्हणायचं. एकोणीस वर्षं सायकलवर खेडोपाडी फिरून त्यांनी बाळंतपणं केली होती, आणि ‘होऊन जाईन’, म्हणजे होईल आपोआप, हे दोन शब्द कानावर पडले की त्यांचं डोकं सणकायचं. ‘होऊन जाईन’ म्हणत थांबलेल्या घरांतल्या बाया त्यांनी शेवटच्या घटकेला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेल्या होत्या. नवरा गोंदियाला रेल्वेत, आठवड्यातून एकदा घरी. तेव्हा घरातलं काय ते त्यांनाच निस्तरावं लागे.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्यांनी स्वयंपाकघराला खिडकी पाडायचं काढलं. चुलीच्या धुरानं पंधरा वर्षं डोळे चुरचुरत होते. धानाची कापणी-मळणी उरकल्याशिवाय मिस्त्री हाती लागत नाही, म्हणून दिवाळीपासून वाट पाहून सुखराम मिस्त्रीला त्यांनी एकदाचं धरून आणलं. त्यानं लोखंडी सब्बलीनं हातभर भिंत फोडली आणि ओसरीवर येऊन बिडी पेटवली.

“काहून बसले?”

“वायर निंगाली बाई. मी नाई हात लावत.”

बाईंनी आत जाऊन पाहिलं. मातीच्या विटांतून दोन जाड वायरी आडव्या गेल्या होत्या. वरून कापडाचं वेष्टण, काळं पडलेलं. बाईंच्या घरच्या वायरी तर लाकडी पट्टीवरून उघड्या गेलेल्या; भिंतीत एकही नव्हती. त्यांनी आपला मेन स्विच बंद केला, तरी सुखराम उठेना.

“खिडकी हातभर सरकवू, अना हे बुजवून टाकू. वरून प्लास्टर. कोनाले दिसते?”

“दिसन नाई म्हणून मेली काय ते?”

सुखरामनं दुसरी बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी तो लाखनीला भाच्याच्या लग्नाला निघून गेला.

हे घर मुळात शेजारच्या घनश्यामच्या वडिलांचं. एका लांबलचक घराचे दोन भाग करून त्यांनी अर्धं एकोणसत्तर साली बाईंना विकलं होतं. म्हणजे वायर त्या काळातली. बाई घनश्यामकडे गेल्या.

“ते बाबाच्या जमान्यातली हाये, वहिनी,” घनश्याम पान लावत म्हणाला. “मेलेली हाये. तोडून फेका.”

“तुमी पाहिलं का?”

“पाहाचं काय त्याच्यात?”

विजेच्या ऑफिसात गेल्या, तर साहेब म्हणाले की मीटरच्या पुढचं काम आमचं नाही. ते खरंच होतं, म्हणून बाईंना आणखीच राग आला. रविवारी नवरा आला. भोकात डोकावून म्हणाला, पुढच्या रविवारी पाहू. बाईंनी त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

स्वयंपाकघरभर माती, भांड्यांवर धूळ, चूल अंगणात. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी कारध्याचा तुलाराम वायरमन मिळाला, तोही बाईंनी त्याच्या बायकोचं बाळंतपण केलं होतं म्हणून. त्यानं बाईंचा मेन बंद करवला, वेष्टण जरासं खरवडलं आणि टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

“बाई, तुमच्या मीटरची नाई हे. दुसरीकडून करंट येऊन राहिला.”

बाईंनी भोकाकडे पाहिलं. सुखरामची सब्बल दोन बोटं पुढे गेली असती तर? पण त्याहून जास्त त्यांना आठवला तो घनश्यामचा निवांत चेहरा. त्या तशाच पदर खोचून शेजारी गेल्या.

“घनश्यामभाऊ, माहा मेन बंद हाये, तरी तुलारामचा टेस्टर पेटला. तुमच्या घरचा फ्यूज काढा.”

“टेस्टर खराब असन त्याचा.”

“असन. फ्यूज काढा.”

“आत्ता नाई जमत. मोटर चालू हाये, पाणी भरून राहिले घरचे. उद्या पाहू.”

बाई त्यांच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. “पोट्टं होईस्तोवर रातभर बसते मी लोकायच्या दारात. फ्यूज निघेस्तोवर बसाले मले काय होते?”

अर्धा तास झाला. घनश्यामची बायको चहा घेऊन आली. बाईंनी तो घेतला, पण उठल्या नाहीत. शेवटी घनश्याम पुटपुटत उठला आणि त्यानं फ्यूज उपसला. मागच्या विहिरीवरची मोटर घरघरत थांबली. इकडून तुलारामनं आवाज दिला, “गेला करंट.”

मग सारं उलगडलं. चार वर्षांपूर्वी मोटर बसवताना घनश्यामच्या माणसानं मागच्या खोलीत आयती सापडलेली जुनी वायर जोडून दिली होती. ती बाईंच्या भिंतीतून फिरून विहिरीकडे जाते, हे कोणी पाहिलंच नव्हतं. तुलारामनं वायर ओढली, तर आतलं रबर भुग्यासारखं गळालं. एका जोडापाशी भिंतीतली लाकडी फळी वीतभर कोळसा झाली होती. त्याच्या अलीकडे, भिंतीच्या कोनाड्यात, बाई घासलेटचा डबा ठेवायच्या.

बघायला आलेल्या घनश्यामनं फळीवरून बोट फिरवलं आणि धोतराला पुसलं. मग म्हणाला, “आठ दिवस राहू द्या ना वहिनी. नवी वायर येईस्तोवर. घरी पाण्याचे हाल होतीन.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. “दोर-बादली हाये ना विहिरीवर,” त्या म्हणाल्या, आणि तुलारामला वायर दोन्हीकडून तोडायला लावली.

घनश्याम पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. त्याची बायको मात्र बादल्या ओढून हात दुखले की बाईंकडेच मलम मागायला येई. घनश्यामनं आपल्या बाजूनं नवी वायर टाकून घेतली. सुखराम लग्नाहून दहा दिवसांनी उगवला आणि जणू काही झालंच नाही असा कामाला लागला. खिडकी झाली, जराशी तिरपी.

त्यानंतर गावात कोणी भिंत फोडायला काढली की आधी नर्सबाईंना बोलावणं येऊ लागलं. बाई वैतागायच्या. “मी सुया टोचणारी बाई. मले काय समजते वायरीतलं?” असं सायकल काढतानाच बोलत सुटायच्या. पण जायच्या, आणि घरात शिरल्या शिरल्या विचारायच्या, “मेन बंद केला का? दोन्हीकडचा?”