कुंकवाखालचा दिवा

जुनी गाडी दिसली की पेंडसेकाकांचं अंगठ्याचं नख बाहेर यायचं. हेडलाइटच्या काचेच्या खालच्या कडेवरून ते सावकाश फिरवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "अक्षरं मऊ लागतायत. मूळचा!" नाहीतर, "टोचतंय. नक्कल!" मूळच्या काचेत कंपनीचं नाव ओतलेलं असतं, नकलेत ते नसतं किंवा असलंच तर धारदार असतं, हे मला त्यांनीच शिकवलं. तुआसच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले काका मरीन परेडला आमचे शेजारी.

एकदा वरच्या मजल्यावरचे मिस्टर टॅन नवी घेतलेली जुनी गाडी हौसेने दाखवायला आले. "अंकल, ऑल ओरिजिनल लाह!"

नख फिरलं. काका इथल्या 'लाह'च्या लकबीतच म्हणाले, "कार ओरिजिनल. लाइट्स, सॉरी लाह."

बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मी काकांवर चिडलो. "जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"अरे, दिव्याचं कामच दाखवायचं. झाकायला ताडपत्री आहे की!"

काकांची स्वतःची निळी गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वीस वर्षांपूर्वी दसऱ्यालाच घरी आली, म्हणून नख फिरवण्याआधीच पूजा झाली. काकू दिव्यांना हळदकुंकू लावायला गेल्या तेव्हा काका म्हणाले होते, "खालच्या कडेला लाव, नाहीतर उजेड लाल पडेल." तेव्हापासून दर दसऱ्याला तिथेच थर चढत गेला. दसऱ्याचं कुंकू पुसायचं नाही, हा काकूंचा कायदा. जगाचे दिवे तपासणाऱ्या नखाची तिथे काय बिशाद!

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि काकांची गाडी 'सर्व मूळ' रांगेत पहिली लागणार होती. आदल्या दिवशी ती पुसताना माझ्या हातून डाव्या दिव्याचं कुंकू निघालं. खाली काच गुळगुळीत. एक अक्षर नाही! गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण काकांनीच शिकवलेल्या नखाने त्यांनाच फसवायचं? शेवटी वर जाऊन सांगितलं.

काका खाली आले. नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग असे खदखदून हसले, की पार्किंगमधली माणसं वळून बघू लागली. "टॅनना बोलाव. त्यांचा हक्क आहे हसायचा!"

प्रदर्शनात त्यांनी गाडी आपण होऊन शेवटच्या रांगेत, टॅन यांच्या गाडीशेजारी लावली आणि पाटी ठेवली : डावा दिवा मूळचा नाही. मूळचा शोधून देतो, असं टॅन म्हणाले तर काका हात जोडून म्हणाले, "नो नो. ट्वेंटी इयर्स पूजा."

यंदाच्या दसऱ्याला काकू कुंकवाची वाटी घेऊन वाकल्या, तेव्हा मी शेजारीच होतो.

"डाव्याला जरा वर लाव गं," काका म्हणाले, "लोकांना खाली बघू दे."