लिफ्टसमोरची यादी

आमची कंपनी पगाराशिवाय आमच्या प्रकृतीचीही काळजी घेते. प्रत्येकाला पावलं मोजणारं घड्याळ दिलंय आणि लिफ्टसमोरच्या पडद्यावर कोण किती चाललं याची यादी दिवसभर झळकते.

आमच्या ऑफिसातले साठे वारून पंधरा दिवस झाले होते. कंपनीनं भलामोठा हार पाठवला, पण यादीतून नाव काढायचं राहिलं. त्या सकाळी ते नाव आमच्या देखत एक जागा वर सरकलं.

"साठे, जरा हळू चला की," जोशी म्हणाला. कोणीच हसलं नाही.

एचआरच्या नेहानं साठ्यांच्या घरी फोन लावला.

"घड्याळ मी घालते गं," साठेकाकू म्हणाल्या. "त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच वाटेनं टेकडीपर्यंत जाते. परत मागणार का तुम्ही?"

नियमाप्रमाणे मागायला हवं होतं. नेहा म्हणाली, "नाही काकू. राहू दे तुमच्याकडे."

कंपनीच्या घड्याळाला माणूस ओळखता येत नाही, मनगट तेवढं कळतं.

नाव अजून आहे. रोज सकाळी आम्ही धडधाकट माणसं एक मजला चढायला लिफ्टची वाट बघत उभे असतो, आणि समोर साठे चालत असतात.