उंब्रजची हजेरी

नव्वदच्या दशकात मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात सभासदांच्या नोंदींचा प्रोग्राम सांभाळायचे. नावं पटकन सापडावीत म्हणून मी एकदा शोधण्याची पद्धत बदलली आणि बारा गावांवर चाचणी घेतली. गावाची जुनी यादी आणि नवी यादी ओळीला ओळ जुळली की चाचणी पास. बाराही गावं नापास! दोन दिवस मी सगळा कोड धुंडाळला आणि संगणकाला मनसोक्त शिव्या घातल्या.

शेवटी शेजारच्या टेबलावरचे क्लार्क वैतागून उठले. ते फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी त्या बारांपैकी उंब्रज गावाच्या दोन्ही याद्या घेतल्या आणि परेडची हजेरी घ्यावी तशी खड्या आवाजात एकेक नाव पुकारत खुणा केल्या.

"आवं बाई, एकबी गडी गैरहजर न्हाई. निस्ती रांग बदललीया. फॉलिन कसं व्हायचं, कुणी कुणामागं हुबं ऱ्हायचं, ह्यो हुकूम दिलता का तुमी?"

नव्हता दिला! इतके दिवस नावं आपसूक नोंदणीच्या क्रमाने यायची, म्हणून मी क्रम कधी सांगितलाच नव्हता. मी प्रोग्राममध्ये क्रम सांगणारी ती एक ओळ लिहिली. बाराही गावं पास झाली, तशी शेजारच्या टेबलावरून आरोळी आली, "बाई, विश्राम!"