शनवाऱ्यातले माझे अंदाज

रोज सकाळी एकाच बाकावर चहाला बसलं की किस्से आपोआप साचतात. माझ्या वाट्याचे बहुतेक माझ्याच चुकलेल्या अंदाजांचे आहेत.

रस्ता मोकळा करण्यासाठी शनवाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या चौकातल्या, टपऱ्या गावाबाहेरच्या मैदानात हलवायचं नगरपालिकेत ठरलं. आमचा बाक नारायणभाऊंच्या टपरीचा. त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही राज्यशास्त्राचे डॉक्टर. पक्कं सांगा, माझी टपरी राहते का जाते?"

अभ्यासाला दोन दिवस लागतील, म्हणालो. शेजारी निवृत्त गणित शिक्षक पाठक होते. "तोवर टपरी जाईल हो!"

*

घरी मोठा तक्ता केला. निर्णयाचा कोणाला फायदा, कोणाला तोटा, कोणाची ताकद किती. बायकोनं चष्मा लावून पाहिला. "यात गिऱ्हाईक कुठाय?"

तीस वर्षं हाच विषय शिकवला. गिऱ्हाईक शेवटी समासात लिहिलं.

*

टपरीवाल्यांची मतं हवीत, म्हणून वॉर्डाचे पार्षद, आमच्या हिंदी मुलखातले नगरसेवक, विरोध करतील, असा माझा अंदाज. ते आलेच. हात जोडून नारायणभाऊंना म्हणाले, "काका, मैं आपके साथ हूँ." मी पाठकांकडे ऐटीत पाहिलं.

संध्याकाळी रस्ता मोकळा हवा म्हणणाऱ्या दुकानदारांच्या बैठकीतही ते हेच म्हणाले. पाठक म्हणाले, "अंदाज बरोबर आला सर. दोन्हीकडून."

*

मग जाहीर झालं, आधी संमती देईल त्याला मैदानात पुढची जागा. नारायणभाऊंनी सही करू का विचारलं. मी म्हटलं, थांबा, टपरीवाल्यांची एकी तुटणार नाही.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिले एकटे नारायणभाऊ.

*

टपऱ्या हटवण्याचं काम ज्या साहेबाकडे, तो माझा जुना विद्यार्थी. घरी येऊन पाया पडला. "सर, आपका अभ्यास देखना है." हुरळलो. तक्ता दिला. त्यात नारायणभाऊंपुढे मीच लिहिलं होतं: एकटे आहेत, भांडणार नाहीत.

आठवड्यानं टपऱ्या उचलणारी गाडी आली. कोपऱ्यावरच्या टपऱ्या सोडून थेट मधोमध, नारायणभाऊंसमोर थांबली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ते स्वतःच शेगडी विझवत होते. उरलेला चहा त्यांनी मला कपात ओतून दिला.

"सर, साहेब माणसांना म्हणाले, इथून सुरू करा, हा भांडणार नाही. मी तर त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना कसं कळलं हो?"