दुसऱ्या दिवशीची पुडकी

मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याला लागून एक अरुंद टेबल होतं आणि त्या टेबलामागे ती एकतीस वर्षं उभी होती. स्टूल होतं, पण गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही असा नियम होता. नियम करणारे साहेब स्वतः खुर्चीतून हलत नसत, ते सोडा. लोक वरच्या मजल्यांवरून भेटवस्तू घेऊन यायचे आणि ती त्या बांधून द्यायची. कपबश्या, बाहुल्या, घड्याळं, एकदा तर एक छत्री, जी कशीही बांधली तरी छत्रीच दिसत होती. कात्री न लावता नखाने घडी घालून कागद सरळ फाडणं हा तिच्या हातचा मळ होता. दुकानात तिला सगळे पॅकिंगताई म्हणायचे.

वर्षाची मोठी सुट्टी आली की सगळं गाव कामातून मोकळं असायचं आणि पॅकिंगताई टेबलामागे. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता आणि नळाला सुट्टी नसते. थोरली सहा वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा, दोघं शेजारणीच्या घरी तिच्या मुलांची नवी खेळणी बघत बसायची. बघायला मिळायची, हात लावायला नाही.

एका वर्षी तिच्या मनाने घेतलं की आपला सण दुसऱ्या दिवशी करायचा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद असायचं. साहेबांना विचारून तिने उरलेल्या कागदांचे तुकडे आणि रिबिनीची टोकं पिशवीभर घरी आणली. कागद झाला, रिबीन झाली, आत घालायला मात्र काही नव्हतं. मग तिने घरातल्याच वस्तू बांधल्या. नवऱ्याचा दाढीचा मग, थोरलीची घासूनपुसून स्वच्छ केलेली चप्पल, कान शिवलेला धाकट्याचा कापडी हत्ती आणि आमटीची पळी. मुलांनी पुडकी हलवून बघितली, हुंगून बघितली. हत्ती निघाल्यावर धाकटा "माझा हत्ती परत आला" म्हणत घरभर पळाला. नवऱ्याने पळी उंच धरली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "वा, पळी. मला किती दिवसांपासून हवी होती." हसून हसून चौघांची पोटं दुखली.

त्या हसण्याने तिचा घात केला असं म्हटलं तरी चालेल. पुढे दरवर्षी दुसऱ्या दिवशी पुडकी. नियमही तिनेच केले. वस्तू घरातलीच हवी, तिची काहीतरी डागडुजी केलेली हवी आणि उघडण्याआधी ओळखायला हवी. सुट्टीच्या आधी दोन आठवडे ती एकेक वस्तू लपवायला लागायची. घरात कंगवा सापडायचा नाही, चहाची गाळणी सापडायची नाही, आणि कोणी काही विचारलं की ती छताकडे बघायची. एका वर्षी थोरलीची कंपासपेटी दहा दिवस गायब होती. शाळेत बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. पुडक्यातून पेटी निघाली, आत नवी पेन्सिल होती, आणि पोरगी हसता हसता रडली. आईला ते आनंदाचे अश्रू वाटले. आयांना असं बरंच काही वाटतं.

दुकानात ती हे अभिमानाने सांगायची. गिऱ्हाइकांची पोरं जिन्यापाशी लोळण घेऊन हट्ट करायला लागली की शेजारच्या गल्ल्यावरच्या मुलीला म्हणायची, "आमच्या घरी हे नाही हं. माझ्या मुलांना जे आहे त्यातच मजा वाटते." स्वतःच्या मुलांबद्दल बोलताना माणसाला थांबायचं कळत नाही. तिलाही कळायचं नाही.

मुलं मोठी झाली. धाकटा लांबच्या शहरात गेला, फोन करतो, कामात आहे म्हणतो, आणि असेलही. थोरलीचं लग्न झालं. मोठी सुट्टी सासरी, आणि दुसऱ्या दिवशी तिची नोकरी सुरू. आठ वर्षं ती त्या दिवशी माहेरी आली नव्हती. पुडकी बांधणं मात्र थांबलं नाही. नवरा-बायको दोघंच एकमेकांची उघडायची.

यंदा पॅकिंगताई निवृत्त झाली. अंगठ्याचं हाड वर आलं होतं आणि टेप तोडताना कळ मनगटापर्यंत जायची. आणि यंदाच थोरलीचा फोन आला. "आई, रजा टाकलीये. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन दोन तास येते."

तिला आभाळ ठेंगणं झालं. नातवंडांना एकदा ही गोडी लागली की झालं, आपल्यामागे कोणीतरी हे चालू ठेवेल, एवढीच तिची इच्छा होती. दुसरं तिने कधी काही मागितलं नव्हतं. माळ्यावरची ट्रंक उतरवली. हत्तीत नवा कापूस भरला. थोरलीचा जुना लाल रेनकोट कापून नातीच्या मापाचा केला. कंपासपेटी राखेने घासली. तीन आठवडे दुखऱ्या अंगठ्याने ती एकेक पुडकं बांधत होती. नवरा म्हणाला, "अगं, हळू कर, हात जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे, आता कुठे दुकानात जायचंय."

ठरल्या दिवशी अकराच्या सुमारास थोरली आली. मुलं आजोबांसोबत बाहेरच्या खोलीत रमली. थोरली पाणी प्यायला आत आली आणि तिला पलंगावर मांडलेली पुडकी दिसली. तिने एक उचललं आणि न हलवताच खाली ठेवलं.

"यात कंपासपेटी आहे ना?"

"बघ, अजून ओळखतेस," आई खुशीत म्हणाली.

थोरलीने खांद्यावरच्या पिशवीतून दोन चकचकीत खोकी काढली. "आई, मुलांना हे दे. तू आणलंस म्हणून सांग. ते बाकीचं राहू दे."

"का गं? हेही देऊ आणि तेही देऊ."

"नको. त्यांना नको ते." थोरली हळू आवाजात बोलत होती, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "शाळा उघडली की बाई प्रत्येकाला विचारायच्या, सुट्टीत काय मिळालं. मी दरवर्षी खोटं सांगायचे. एकदा सायकल सांगितली. पोरी सायकल बघायला माझ्या मागे आल्या, तर मी त्यांना दुसऱ्याच गल्लीत फिरवून आणलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? तू किती खूश असायचीस. आणि बाबा आधीच आम्हाला मोरीपाशी घेऊन सांगायचे, आई काल दमून आलीये, नीट हसा."

पॅकिंगताईने कंपासपेटीचं पुडकं उचलून बाकीच्यांच्या रांगेत सरळ ठेवलं. थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला, "तुझं वाईट नव्हतं गं त्यात काही," म्हणाली. ते खरं असेलही, पण त्याने काही झालं नाही.

बाहेर येऊन पॅकिंगताईने मुलांना खोकी दिली. नातवाने कागद टरकावला आणि आतली गाडी बघून आजीच्या कमरेला मिठी मारली. "आजी, तुला कसं कळलं मला हीच हवी होती?"

"कळलं," ती म्हणाली.

एकच्या आत ती सगळी गेली. पुढच्या वर्षी बाहेरच कुठेतरी जेवायला भेटू, असं थोरली जिन्यावरून म्हणाली. दार लावून पॅकिंगताई वळली तर नवरा त्याच्या वाटचं पुडकं मांडीवर घेऊन बसला होता. दरवर्षीसारखं त्याने ते कानाशी नेऊन हलवलं, हुंगलं, भुवया वर केल्या.

"काय बरं असेल?"

"राहू द्या," ती म्हणाली. "मोरीपाशी तुम्ही मुलांना काय सांगायचात?"

पुडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. त्याने खोटं बोलायचा विचार केला असावा, पण इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं तिला समोरून दिसतंच.

"पहिल्या वर्षी नाही काही सांगितलं," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी सगळे खरंच हसलो होतो."

"आणि नंतर?"

तो खिडकीकडे बघायला लागला.  तिने त्याच्या हातातून पुडकं घेतलं आणि त्याने ओळखायच्या आत, नीट अडकवून ठेवलेली घडी न सोडवता कागद टरकन फाडला.